कर्ज शेतीसाठी, हिशेब किडनीचाही

दर्यापूर, भातकुली, अकोट, बाळापूर, मूर्तिजापूर या तालुक्यांत पूर्णाकाठच्या अनेक गावांतील बोअरचे पाणी खारे आहे, हे जिभेला लगेच कळते. या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पाहुण्याच्या चहासाठी गोड्या पाण्याचा हंडा वेगळा ठेवावा लागतो. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला हाच तो खारपाणपट्टा.

पूर्णा खोऱ्यातील गाळाच्या जाड थरांत क्षार साठलेले आहेत. जमिनीत खोल गेले की पाणी अधिक खारे लागते. त्या पाण्याने ओलीत केले तर सोडियममुळे काळी माती घट्ट होते आणि तिच्यात पाणी मुरत नाही. विहीर असूनही शेत कोरडवाहू राहते ते यामुळेच.

या दुखण्यावर उपाय करण्यासाठी सरकारने परदेशी कर्जाचा मार्ग धरला. एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकार, महाराष्ट्र सरकार आणि जागतिक बँक यांच्यात ४२ कोटी डॉलरच्या कर्जाचा करार झाला. त्यातून राज्यातील १५ जिल्ह्यांत नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजेच 'पोकरा', राबवला गेला. सुमारे चार हजार कोटींच्या या प्रकल्पात ७० टक्के वाटा कर्जाचा आणि ३० टक्के राज्याचा होता. निवडलेल्या ५,१४२ गावांपैकी ९३२ गावे खारपाणपट्ट्यातील होती.

हे कर्ज कोणाच्या सातबाऱ्यावर चढलेले नाही. ते सरकारच्या खात्यावर आहे आणि परतफेड करातूनच होणार. म्हणजे शेतकऱ्याला मिळालेले अनुदान दान नव्हे, ते सगळ्यांनी मिळून काढलेले कर्ज आहे. २०१५ मध्ये आदिस अबाबा येथे झालेल्या विकास वित्त परिषदेतही हेच ठरले होते : बाहेरचा पैसा जोडीला घ्यावा, पण विकासाची मुख्य जबाबदारी प्रत्येक देशाने स्वतः उचलावी.

प्रकल्पातून शेततळी, ठिबक, तुषार संच यांना अनुदान मिळाले. कामांचा आराखडा ग्राम कृषी संजीवनी समितीने करायचा आणि पैसे थेट बँक खात्यात जमा व्हायचे. खाऱ्या पट्ट्यात शेततळ्याचे महत्त्व अधिक आहे. पावसाचे गोडे पाणी तळ्यात धरून ठेवले, तर कपाशीला किंवा हरभऱ्याला खारे पाणी न उपसता एखादे संरक्षित ओलीत देता येते. पीक हाती आले की घरात अन्न आणि चार पैसे येतात, आणि बऱ्याच आजारांवरचे पहिले औषध तेच असते.

पण प्रकल्पाची मोजपट्टी शेतीची आहे. किती तळी झाली, किती हेक्टर भिजले, उत्पन्न किती वाढले, हे मोजले जाते. शेततळ्याचे पाणी पिण्याचे नसते. पिण्याच्या पाण्याची जबाबदारी दुसऱ्या खात्याची, जल जीवन मिशनची. त्यात केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा खर्च करतात. आजार तिसऱ्या खात्याकडे जातो. माणूस मात्र एकच असतो : सकाळी शेतात राबतो, दुपारी तेच खारे पाणी पितो आणि संध्याकाळी पाय सुजले म्हणून दवाखान्यात येतो.

या भागात किडनीच्या आजाराचे खापर सरसकट पाण्यावर फोडले जाते. ते पूर्ण बरोबर नाही आणि पूर्ण चूकही नाही. मधुमेह, वाढलेला रक्तदाब, मे महिन्याच्या उन्हात पाणी कमी पिऊन केलेले काम आणि अंगदुखीवर दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या, यांपैकी प्रत्येक गोष्ट किडनीला इजा करू शकते. त्यात खाऱ्या पाण्यातील सोडियमची भर पडते. बांगलादेशाच्या किनारपट्टीवरील अभ्यासांत पिण्याच्या पाण्याचा खारटपणा आणि गरोदर स्त्रियांचा वाढलेला रक्तदाब यांचा संबंध आढळला आहे. पूर्णाकाठी नेमके किती नुकसान कशामुळे होते, हे गावागावांत मोजल्याशिवाय कळणार नाही.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतले जातात. पाणी उकळून जंतू मरतात, क्षार जात नाहीत. उलट पाणी आटल्याने ते अधिक दाट होतात. तुरटीनेही खारटपणा कमी होत नाही. त्यासाठी आरओ यंत्र हवे किंवा धरणाचे नळाचे पाणी. अकोट परिसरातील ८४ खेडी योजना वान धरणाच्या अशाच गोड्या पाण्यावर उभी आहे. नळाला पाणी येईना की लोक पुन्हा बोअरकडे वळतात, म्हणून योजना असणे पुरेसे नाही, ती रोज चालली पाहिजे.

'पोकरा'चा दुसरा टप्पा २१ जिल्ह्यांसाठी हाती घेण्यात आला आहे. गावाचा आराखडा पुन्हा होईल तेव्हा ग्रामसभेने दोन आकडे त्याच कागदावर मागावेत : गावातील प्रत्येक पिण्याच्या स्रोताचे क्षारमान आणि तिशीपुढच्या किती जणांचा रक्तदाब तपासला गेला. याला नवे कर्ज लागत नाही. पाण्याची तपासणी सरकारी प्रयोगशाळेत होते, रक्तदाब उपकेंद्रात मोजला जातो.

तोवर घरच्या घरी एवढे करावे. वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, लघवीतील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासावे. रक्तदाब असलेल्यांनी पापड-लोणच्याला आवर घालावा. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. किडनी बरीच बिघडेपर्यंत बोलत नाही, म्हणून काही त्रास नसतानाच तिची चौकशी करायची असते.