एकदाच लिहा, सगळीकडे वाचा : घाऊक व्यापाऱ्याची नवी हिशेबवही



लागणीच्या दिवसांत नेहमी दिसणारी एक गोष्ट आहे. तालुक्याच्या घाऊक विक्रेत्याच्या गोदामात डीएपीची थप्पी लागलेली असते, आणि आपल्या गावच्या दुकानात मात्र एक पोते मिळत नाही. कधी याच्या उलट घडते. नको असलेला माल पडून राहतो, व्यापाऱ्याचे पैसे त्यात गुंततात, आणि ज्या खताची खरी निकड आहे ते आणायला त्याच्याजवळ रोकड उरत नाही. दर वेळी यामागे साठेबाजीच असते असे नाही. पुष्कळदा कारण अगदी साधे असते : कोणता माल कुठे आणि किती आहे, हे वेळेवर कोणालाच ठाऊक नसते.

हे अज्ञान दूर करण्यासाठी आता घाऊक व्यापारात एक नवी व्यवस्था आली आहे. तिला ‘क्लाऊड’वरील व्यवसाय-सॉफ्टवेअर म्हणतात. नाव मोठे आहे, पण त्यातले तत्त्व ऊस उत्पादकाला नवे नाही. खते, औषधे, बियाणे, सिमेंट, किराणा हे सारे आपल्यापर्यंत घाऊक विक्रेत्याच्या हातूनच येते. तेव्हा त्याचा हिशेब कसा चालतो, हे आपणही समजून घेतलेले बरे.

मधल्या माणसाचे गणित

घाऊक विक्रेता म्हणजे कंपनी आणि गावचा दुकानदार यांच्यामधला माणूस. कंपनीकडून ट्रकच्या ट्रक माल घ्यायचा, तो उतरवून साठवायचा, आणि दहा-वीस पोत्यांनी दुकानदारांना वाटायचा. कंपनीचे पैसे आधी भरायचे आणि दुकानदाराकडून मागाहून, बहुधा उधारीने, वसूल करायचे. एका पोत्यामागे सुटणारा नफा थोडा. म्हणून त्याची सारी कमाई पैसा वर्षातून किती वेळा फिरतो यावर अवलंबून असते.

समजा, एकाचे दहा लाख रुपये मालात आहेत आणि प्रत्येक फेरीला शेकडा तीन सुटतात. पैसा वर्षात सहा वेळा फिरला तर एक लाख ऐंशी हजार मिळतील, नऊ वेळा फिरला तर दोन लाख सत्तर हजार. भांडवल तेच, भाव तोच. फरक पडला तो एवढाच की माल पडून राहिला नाही आणि उधारी वेळेत आली. ज्याचा पैसा असा फिरतो, त्याला भाव न वाढवताही धंदा परवडतो आणि त्याच्या दारात माल वेळेवर असतो. दुकानदाराचा आणि शेतकऱ्याचा फायदा इथे आहे.

जुन्या वह्यांची अडचण

पूर्वीच्या पेढीवर रोजकीर्द, खतावणी, साठा-वही, उधारीची वही आणि चलन-बुक अशी पाच ठिकाणी नोंद व्हायची. गोदामवाला माल सोडताना एका वहीत लिही, गल्ल्यावरचा माणूस दुसरीत, आणि संध्याकाळी दिवाणजी दोन्हींचा मेळ घालीत. मधल्या वेळात एकच पन्नास पोती दोघांना विकली जात. मालकाला विचारावे, “पोटॅश किती आहे हो?” तर उत्तर ठरलेले : “थांबा, गोदामात पोऱ्या पाठवतो.”

पुढे संगणक आला. बंगळूरच्या ‘टॅली’ची सुरुवात १९८६ सालची. अशा हिशेबाच्या सॉफ्टवेअरमुळे ताळेबंद आणि खतावणी लवकर होऊ लागली. पण संगणक होता दिवाणजीच्या टेबलावर. गोदाम, ट्रक आणि गावोगाव फिरणारा विक्री प्रतिनिधी यांना त्यातले काही दिसत नसे. कागद दोन दिवसांनी टेबलावर यायचा आणि मग नोंद व्हायची. शिवाय तो एकच संगणक बिघडला की वर्षाचा हिशेब अडकून पडायचा.

‘ढग’ म्हणजे काय?

क्लाऊड म्हणजे ढग, परंतु यात आभाळातले काही नाही. मोठमोठ्या इमारतींत हजारो संगणक रात्रंदिवस चालू ठेवलेले असतात. तिथे गार हवेची सोय असते, वीज गेली तर जनरेटर असतात. व्यापाऱ्याचा हिशेब आणि तो चालवणारे सॉफ्टवेअर तिथे राहते. आपल्याकडे फक्त मोबाईल किंवा साधा संगणक आणि इंटरनेट लागते. मायक्रोसॉफ्टने असे केंद्र २०१५ साली पुण्यात सुरू केले, तर ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत.

विहिरीवर स्वतःचे ऑइल इंजिन बसवणे आणि विजेच्या तारेवर मोटर चालवणे, यात जो फरक आहे तोच इथे आहे. इंजिन आपले, दुरुस्ती आपली, डिझेलही आपले. तारेवर मात्र जेवढी वापरली तेवढी वीज, आणि यंत्रघर सांभाळायचे दुसऱ्याने. क्लाऊडचेही तसेच : महिन्याचे किंवा वर्षाचे भाडे भरायचे, संगणक सांभाळण्याची कटकट नाही. पण तार तुटली की मोटर बंद, हेही तितकेच खरे. त्याविषयी पुढे बोलू.

आपल्या कारखान्याचेच उदाहरण

या व्यवस्थेचे मर्म कळायला दूर जायला नको. आपल्या उसाची नोंद होते : गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख. त्याच नोंदीवरून तोडणीचा क्रम लागतो. तोडणीनंतर गाडी काट्यावर येते, वजन होते, पावती निघते. त्या वजनावरून बिल, बिलातून सोसायटीची कपात आणि उरलेली रक्कम बँकेच्या खात्यात. मूळ नोंद एक, तिच्यावर पुढची सारी कामे. आणि नोंदीच्या वेळी क्षेत्र चुकले की पुढे सगळेच चुकत जाते, हेही आपण जाणतो.

घाऊक व्यापारात हेच घडते. विक्री प्रतिनिधी गावच्या दुकानात बसून मोबाईलवर चाळीस पोत्यांची मागणी नोंदवतो. त्याच क्षणी सॉफ्टवेअर पाहते : गोदामात माल शिल्लक आहे का? दुसऱ्याला कबूल केलेला तर नाही? या दुकानदाराची मागील बाकी किती, उधारीची मर्यादा किती? सर्व ठीक असेल तर गोदामवाल्याच्या मोबाईलवर माल काढण्याची यादी जाते. माल ट्रकवर चढला की साठ्यातून चाळीस पोती वजा, दुकानदाराच्या खात्यावर रक्कम नावे, आणि कराचा हिशेब तयार. एकदा लिहिले, पाच ठिकाणी चढले. दिवाणजीला रात्री जागून मेळ घालावा लागत नाही.

सरकारी कागदांची घाई

व्यापारी या व्यवस्थेकडे वळले त्याला कायद्याचाही रेटा आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी आला. १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या ५०,००० रुपयांवरील मालाला ई-वे बिल लागू झाले. १ ऑक्टोबर २०२० पासून व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतील व्यवहाराचे बिल सरकारी यंत्रणेवर नोंदवण्याची, म्हणजे ई-इनव्हॉइसची पद्धत आली. आधी ती ५०० कोटींवर उलाढाल असलेल्यांनाच होती. टप्प्याटप्प्याने मर्यादा खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून ती पाच कोटींवर आली. म्हणजे तालुक्याचा मोठा खत-विक्रेताही त्यात आला.

यात एक मेख आहे. गावच्या दुकानदाराने खरेदीवर भरलेला कर त्याला वजावट म्हणून मिळायचा, तर घाऊक विक्रेत्याने ते बिल वेळेत नोंदवलेले असावे लागते. त्याने हयगय केली की खालच्याचे पैसे अडकतात. हिशेब एकाचा आणि फटका दुसऱ्याला, असा हा प्रकार आहे.

माल कधी मागवावा?

चांगले सॉफ्टवेअर वेळेवर इशाराही देते. गणित सोपे आहे. रोज चाळीस पोती खपतात आणि मागणी केल्यावर माल यायला सात दिवस लागतात, तर २८० पोती हवीत. गाडी लांबली तर म्हणून आणखी तीन दिवसांची १२० धरा. साठा ४०० पोत्यांवर आला की मागणी गेलीच पाहिजे. हंगामात रोजचा खप शंभर झाला की हाच आकडा १,००० होतो. हे हिशेब शेकडो जिनसांसाठी रोज करणे माणसाला जमत नाही, संगणकाला जमते.

पण संगणकाला गेल्या वर्षीची विक्री ठाऊक असते, यंदाचे पाणी ठाऊक नसते. कॅनॉलचे आवर्तन लांबले, पावसाने दडी मारली, आडसाली लागण मागे पडली, हे सांगायला जाणता माणूसच लागतो.

औषधांच्या बाबतीत तर याचा मोठाच उपयोग आहे. प्रत्येक बाटलीवर बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असते. बॅचवार नोंद ठेवली तर ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी बाहेर काढता येतो. नाहीतर नवी पेटी पुढे, जुनी मागे, आणि मुदत संपलेली बाटली कपाटात. तिचे नुकसान व्यापाऱ्याला, आणि चुकून विकली गेली तर शेतकऱ्याच्या पिकाला.

खताच्या दुकानातले मशीन आणि आपली सोसायटी

खत घेताना आपण आधार क्रमांक देऊन पॉस मशीनवर अंगठा लावतो. मार्च २०१८ पर्यंत ही पद्धत देशभर लागू झाली. पूर्वी माल जिल्ह्यात पोहोचला की कंपनीला अनुदान मिळे. आता शेतकऱ्याला झालेली विक्री मशीनवर नोंदली गेली की मिळते. प्रत्येक पोत्याची नोंद एकाच केंद्रीय व्यवस्थेत जाते. म्हणजे ‘एकदा लिहा, सगळीकडे वाचा’ ही रीत आपल्या अंगठ्यापर्यंत आलेलीच आहे. पण दुकानदाराने पोते आज दिले आणि मशीनवर नोंद आठ दिवसांनी केली, तर मशीन सांगते साठा आहे आणि दुकान सांगते नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

सोसायट्यांचेही तेच. केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. त्यासाठी २,५१६ कोटी रुपयांचा आराखडा ठरला. सर्व संस्थांना एकच, क्लाऊडवर चालणारे सॉफ्टवेअर, आणि त्यात कर्जाबरोबर खत-विक्रीसारखे व्यवहारही, अशी ही योजना आहे. आपल्यातले बहुतेक जण विकास सोसायटीचेही सभासद आहेत. तिच्या खत-विभागात तूट आली तर ती शेवटी आपल्याच लाभांशातून जाते.

सावधगिरीच्या चार गोष्टी

पहिली : नोंद मालाबरोबर झाली पाहिजे. ‘मागाहून टाकू’ म्हटले की जुनी वही आणि नवा संगणक सारखेच. महिन्यातून एकदा गोदामात जाऊन पोती प्रत्यक्ष मोजावीत आणि संगणकातल्या आकड्याशी ताडून पाहावीत. चोरी आणि गळती संगणक थांबवीत नाही, फक्त लवकर दाखवतो.

दुसरी : इंटरनेट गेले तर काम कसे चालेल, हे आधी विचारावे. काही सॉफ्टवेअर तेवढ्यापुरती नोंद मोबाईलमध्ये ठेवते आणि मागाहून वर पाठवते. ती सोय नसेल तर पावती-पुस्तक हाताशी हवे.

तिसरी : भाडे बंद केले तर आपला सगळा हिशेब आपल्याला परत मिळेल का, आणि कोणत्या स्वरूपात, हे करारात लिहून घ्यावे. आपली वही दुसऱ्याच्या कपाटात आहे, हे विसरू नये.

चौथी : प्रत्येकाला वेगळा पासवर्ड असावा. कोणी, कधी, कोणता आकडा बदलला याची नोंद राहिली पाहिजे. कंपनी कायद्याखालील कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून अशी बदल-नोंद ठेवणारेच सॉफ्टवेअर वापरण्याची सक्ती आहे. सहकारी संस्थेला ती नसली तरी सभासदांनी तिचा आग्रह धरायला काय हरकत आहे?

सभासदांचे काम

घाऊक व्यापाऱ्याने कोणते सॉफ्टवेअर घ्यावे हे ठरवणे आपले काम नव्हे. पण ज्या सोसायटीचे, भांडाराचे, संघाचे आपण मालक आहोत, तिथे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. येत्या वार्षिक सभेत तीनच प्रश्न विचारा. आजचा साठा आज सांगता येतो का? संगणकातला आकडा आणि गोदामातली थप्पी शेवटची कधी ताडून पाहिली? मुदत संपत आलेला माल आणि थकलेली उधारी किती आहे? या तिन्हींची उत्तरे जागच्या जागी मिळाली, तर खर्च केलेला पैसा सार्थकी लागला असे समजावे. “वही बघून सांगतो” असे उत्तर आले, तर संगणक कितीही नवा असो, कारभार अजून जुनाच आहे.