वही पुन्हा उघडू या

बचत गटाच्या बैठकीत इतिवृत्त लिहायची वेळ आली की वही फिरत फिरत एकीच्याच पुढे येते. बाकीच्या म्हणतात, "तूच लिही गं, आमची शाळा अर्धवट राहिली." आज त्या अर्धवट शाळेबद्दलच बोलू.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं, ते अशांसाठीच. तिथे बी. ए. करता येतं. बी. ए. म्हणजे मराठी, इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र असे विषय. रोज कॉलेजला जावं लागत नाही, आणि वय जास्त झालं म्हणून कोणी परत पाठवत नाही. पुस्तकं मराठीत असतात, एकटीने वाचून समजतील अशी. अडलं तर अभ्यास केंद्रात विचारायचं. लावणी-कापणी सांभाळून, रोज तासभर वाचत पुढे जाता येतं.

पण पायऱ्या नीट चढा. शाळा सातवी-आठवीत सुटली असेल, तर राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येतं. दहावी होऊन काही वर्षं गेली असतील, तर तसाच फॉर्म बारावीसाठी भरायचा. मग बी. ए. बारावी न झालेल्यांसाठी मुक्त विद्यापीठाने पूर्वतयारी परीक्षेची वाट काढली होती. त्या वाटेने जायचं असेल, तर आधी चालू वर्षाची माहितीपुस्तिका वाचा. भरतीत अनेकदा बारावीचीच गुणपत्रिका मागतात. अंगणवाडी सेविकेच्या जागेलाही आता बारावी पास लागतं. "बारावीची गरज नाही, पैसे भरा, पदवी मिळेल," असं कोणी सांगितलं तर पैसे देऊ नका.

आणखी एक अडचण नावाची. शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा, आधार कार्ड सासरच्या नावाचं. फॉर्म भरण्याआधी विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा, नाहीतर ऐन वेळी धावपळ होते.

आता कोणी विचारेल, या वयात इतिहास शिकून काय मिळणार? आपल्या कर्जतजवळ, राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची लेणी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथे दगडात ब्राह्मी अक्षरांत एका कारागिराचं नाव कोरलंय: बलक, कान्हाचा शिष्य. खालापूर तालुक्यात उंबरखिंड आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या फौजेला तिथे कोंडीत पकडलं. त्या फौजेत रायबागन नावाची बाई सरदार होती. शरण जाण्याचा शहाणा सल्ला तिनेच दिला, असं शिवभारतात आहे. या वाटेने आपण लाकूडफाटा आणायला जातो, पण हे आपल्याला कोणी सांगितलेलं नसतं. इतिहास शिकलं की आपण विचारायला लागतो: हे कोणी लिहिलं? बायकांचं नाव यात कुठे आहे? ग्रामसभेत ठराव वाचतानाही हाच प्रश्न उपयोगी पडतो.

तेव्हा पुढच्या बैठकीला दोन कामं करा. कोणाची शाळा कितवीत सुटली, ते वहीत लिहा. आणि त्या दिवशी इतिवृत्त दुसरीला लिहू द्या. चुका होतील, होऊ देत. अक्षर हळूहळू वळणावर येतं.