घरातलं ऐकणं (लेखांक ६) : गादीतला कापूस आणि तीस हजारांचा स्पीकर

स्मार्ट स्पीकरच्या पोटात काय काय असतं, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आता खरेदीकडे येऊ. अमरावतीच्या राजापेठेतल्या एखाद्या कुटुंबाने केवळ चांगल्या आवाजासाठी महागडा स्पीकर घ्यायचं ठरवलं, की चर्चा लगेच कंपन्यांच्या नावांवर जाते. ॲपलचा दुसऱ्या पिढीचा होमपॉड २०२३ साली भारतात ३२,९०० रुपयांना आला. ॲमेझॉनचा एको स्टुडिओ आला तेव्हा त्याची किंमत २२,९९९ रुपये होती. दोन्ही यंत्रं मेहनतीने घडवलेली आहेत, यात शंका नाही. पण त्यांतला कोणता चांगला, हा प्रश्न माझ्या मते दुसरा आहे. स्पीकर ज्या खोलीत वाजणार ती खोली कशी आहे, हा पहिला. या पहिल्या प्रश्नाला बगल दिली तर दहा हजारांचा आणि तीस हजारांचा स्पीकर यांतला फरक भिंतीच गिळून टाकतात.

आपल्याकडच्या स्लॅबच्या घरातली समोरची खोली डोळ्यांपुढे आणा. बारा बाय बारा, उंची दहा फूट, खाली टाइल्स, चारही बाजूंना प्लास्टर, वर काँक्रीट. उन्हाळ्यात थंड राहावी, झाडपुसीला सोपी जावी म्हणून फरशी उघडीच ठेवलेली. अशा पृष्ठभागांवर पडलेला आवाज शंभरातले सत्त्याण्णव भाग तसाच परत फिरतो. खोली रिकामी असेल तर एक टाळी विरायला गणिताने तीनेक सेकंद लागतात. हे गणित हार्वर्ड विद्यापीठातल्या वॉलेस सॅबाइन यांचं. १८९५ साली तिथल्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचा शब्द कळेना, म्हणून ते सुधारण्याचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून मांडल्या आणि घुमणारा आवाज किती वेळ टिकतो ते मोजलं. गाद्या नव्हत्या तेव्हा साडेपाच सेकंद, सगळ्या मांडल्यावर सव्वा सेकंदाच्याही आत. ध्वनिशास्त्राची एक अख्खी शाखा त्या गाद्यांवर उभी राहिली. वऱ्हाडातल्या वाचकाला हे पटायला जड जाऊ नये, कारण गादीतला कापूस इथल्याच मातीतला आहे. त्याच्या तंतूंमध्ये हवा शिरते, घर्षणाने तिची हालचाल मंदावते आणि आवाजाची ऊर्जा उष्णतेत जिरते. दिवाणावर कापसाची जाड गादी, दोन लोड, खाली सतरंजी, खिडकीला चुण्यांचा जाड पडदा एवढं केलं तरी गायकाच्या शब्दांची टोकं मोकळी होतात. हा खर्च स्पीकरच्या किमतीच्या पासंगालाही पुरत नाही, आणि बऱ्याच घरांत तर गाद्या माळ्यावर पडूनच असतात.

मात्र कापूस सगळं करत नाही. मधल्या आणि वरच्या स्वरांना तो आवर घालतो. डग्ग्याच्या घुमाऱ्याला नाही, कारण त्या लहरींची लांबी तीन-चार मीटर असते आणि चार इंचांची गादी त्यांच्या खिजगणतीत नसते. तिथे खोलीचं माप बोलतं. बारा फुटी भिंतींमध्ये ४७ हर्ट्झचा सूर नेमका बसतो, त्याच्या दुपटीचा ९४ चाही. लांबी-रुंदी सारखी असली की दोन्ही दिशांचे हे सूर एकावर एक चढतात. म्हणून चौरस खोली गाण्याला सर्वांत वाईट. स्पीकर कोपऱ्यात ठेवला तर हे सगळे सूर एकदम जागे होतात आणि डग्ग्याची प्रत्येक थाप एकाच आवाजात ‘भुम्म’ करते. तोच स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीच्या साधारण एक-तृतीयांशावर, मागे हातभर जागा सोडून ठेवला, तर वेगळं यंत्र आणल्यासारखं वाटावं इतका फरक पडतो. आपल्याकडे मात्र त्याची जागा बहुधा टीव्हीशेजारच्या शोकेसच्या कोनाड्यात ठरते, म्हणजे लाकडी पेटीच्या आत आणखी एक पेटी.

यावर जाणकारांचा एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. होमपॉड काय किंवा एको स्टुडिओ काय, ही यंत्रं स्वतःच्या मायक्रोफोनने खोलीचा अंदाज घेतात आणि आवाज जुळवून घेतात. मग गादी-पडद्याची कटकट कशाला? जुळवणी खरी आहे. भिंतीमुळे फुगलेला खालचा सूर ती कमी करू शकते. पण जिथे दोन लहरी एकमेकींना मारतात आणि सूर नाहीसा होतो, तिथे जोर वाढवून उपयोग नाही, कारण मारणारी लहरही तितकीच वाढते. आणि टाइल्सवरून मागाहून येणारा प्रतिध्वनी यंत्राच्या हातातून केव्हाच निसटलेला असतो. शिवाय मायक्रोफोन स्पीकरवर आहेत, ऐकणारा दिवाणावर.

मग जास्त पैसे कशाचे मोजायचे? हवा हलवण्याच्या ताकदीचे. शंभर हर्ट्झऐवजी पन्नास हर्ट्झचा सूर तेवढ्याच जोराने हवा असेल, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट सरकावं लागतं. गूगलच्या नेस्ट ऑडिओचा ७५ मिलिमीटरचा वूफर, म्हणजे खालच्या सुरांचा पडदा, इथे दमतो. होमपॉडचा चार इंची आणि सुरुवातीच्या एको स्टुडिओचा सव्वापाच इंची टिकतो. राजापेठेत या ताकदीला आणखी एक कारण आहे, कूलर. होळीनंतर खिडकीला कूलर लागतो आणि मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेल्यावर तो दिवसभर बंद होत नाही. त्याची घरघर खालच्या पट्टीतली असते, आणि खालचा आवाज वरच्याला झाकतो. उलट तेवढं होत नाही. घरघरीच्या वर दहा डेसिबल जायचं म्हटलं की स्पीकरला दहापट शक्ती लागते. छोटं यंत्र तिथे चिरकतं. म्हणून ज्यांचं ऐकणं उन्हाळ्यातल्या दुपारचं आहे त्यांनी मोठ्या वूफरसाठी पैसे जरूर मोजावेत. ज्यांचं पहाटे कूलर बंद करून आहे, त्यांना त्याच किमतीत दोन होमपॉड मिनीची जोडी जास्त देईल, कारण डावा-उजवा वेगळा होतो. (होमपॉडला आयफोन किंवा आयपॅड लागतोच, घरात तो नसेल तर हा पर्याय आपोआप गळतो.) अर्थात जुनी मराठी ध्वनिमुद्रणं बहुतेक मोनो आहेत. त्यांच्यावरच जीव असेल तर जोडीचा सोस नको. यंत्र कूलरच्या ओल्या झोतात ठेवू नये, हे सांगायला नकोच.

दुकानात ऐकूनच घेऊ, असंही म्हटलं जातं. शोरूममध्ये फॉल्स सीलिंग असतं, एसी असतो, खोक्यांच्या थप्प्या असतात. ती खोली तुमची नाही. आणि डोळे फसवतात. १९९४ साली अमेरिकेतल्या हर्मन कंपनीत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी आपल्याच कर्मचाऱ्यांना तेच स्पीकर एकदा पडद्याआड आणि एकदा डोळ्यांसमोर ऐकवले. दिसल्यावर लहान, स्वस्त यंत्राचे गुण घसरले, आवाज तोच असताना. म्हणून दोन यंत्रं शेजारी लावायला सांगा, आवाजाची पातळी सारखी करून घ्या, कारण किंचित मोठं वाजणारं नेहमी चांगलं भासतं, आणि त्यांच्याकडे पाठ करून ऐका.

काय ऐकायचं, याचं उत्तर घरचंच आहे. सुरेश भट अमरावतीचे. त्यांची एखादी गझल लावा आणि काफियाचं शेवटचं अक्षर पुढच्या ओळीत सांडतं का ते बघा. मग तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज मोझरीच्या परंपरेतलं खंजिरी भजन लावा. खंजिरीत कातड्याची थाप आणि चकत्यांचा छणछणाट एका हातातून निघतो, खालचा आणि वरचा सूर एकाच क्षणी. वाईट स्पीकरमध्ये चकत्या फसफसतात. चांगल्या स्पीकरमध्येही, खोली उघडी असेल तर, द्रुत लयीतल्या थापा एकमेकींत मिसळून जातात. तसं झालं तर यंत्र बदलण्याआधी माळ्यावरची गादी खाली काढून समोरच्या भिंतीला टेकवा, आणि तेच भजन पुन्हा लावा.