विश्लेषण : दाताचे इम्प्लान्ट ‘घट्ट’ बसले, तरी आठवडेच्या आठवडे का थांबायचे?

जबड्यात टायटॅनियमचा स्क्रू, म्हणजे इम्प्लान्ट, बसवल्यावर ‘घट्ट बसला आहे’ असे डॉक्टर सांगतात. तरीही त्यावर दात बसवण्यासाठी काही आठवडे, कधी काही महिने थांबावे लागते. ही प्रतीक्षा किती असेल, यात इम्प्लान्टच्या पृष्ठभागाचाही मोठा वाटा असतो.

सुरुवात कुठून झाली?

स्वीडिश संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क १९५२ मध्ये सशाच्या हाडातील रक्तप्रवाहाचा अभ्यास करत होते. त्यासाठी बसवलेले टायटॅनियमचे उपकरण नंतर निघेना, कारण हाड त्याला चिकटले होते. १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन या रुग्णाला इम्प्लान्ट बसवले. ते २००६ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत टिकले. ते इम्प्लान्ट लेथवर कातलेले, तुलनेने गुळगुळीत होते. त्या काळी हाड जुळण्यासाठी साधारण तीन ते सहा महिने थांबत.

पहिल्या दिवसाची पकड पुरेशी का नाही?

स्क्रू किंचित लहान छिद्रात पिळून बसवतात, त्यामुळे पहिली पकड निव्वळ यांत्रिक असते. ड्रिलिंगमुळे इजा झालेले भोवतीचे हाड शरीर हळूहळू काढून टाकते आणि ती पकड सैल होत जाते. नवे हाड मात्र अजून पुरेसे तयार झालेले नसते. म्हणून साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात इम्प्लान्ट सर्वात नाजूक अवस्थेत असते. त्या वेळी जास्त भार पडून ते हलत राहिले, तर हाडाऐवजी मऊ तंतुमय ऊती तयार होते आणि इम्प्लान्ट निकामी होते.

खडबडीतपणामुळे काय बदलते?

आज प्रचलित असलेल्या एका पद्धतीत इम्प्लान्टवर ॲल्युमिनाच्या कणांचा मारा करतात, मग ते आम्लात बुडवतात. माऱ्याने मोठे खळगे पडतात, तर आम्लाने त्यांच्या आत सूक्ष्म खळगे तयार होतात. अशा पृष्ठभागावर रक्ताची गुठळी नीट धरून राहते. तिच्या जाळ्यातून हाड तयार करणाऱ्या पेशी थेट इम्प्लान्टपर्यंत पोहोचतात. मग हाड केवळ छिद्राच्या भिंतीकडून नव्हे, तर इम्प्लान्टवरूनही वाढू लागते. त्यामुळे योग्य रुग्णांत प्रतीक्षा सहा ते आठ आठवड्यांवर आली. पृष्ठभाग पाणी ओढून घेणारा राहावा म्हणून काही इम्प्लान्ट मिठाच्या द्रावणात बुडवून ठेवलेली मिळतात. त्यांच्या बाबतीत हा काळ आणखी कमी होऊ शकतो.

मग जितके खडबडीत, तितके चांगले?

नाही. सुमारे एक ते दोन मायक्रॉनचा मध्यम खडबडीतपणा हाडाला सर्वाधिक मानवतो. हिरडी व हाड खाली सरकून हा भाग तोंडात उघडा पडला, तर त्यावर जिवाणूंचा थर सहज साचतो आणि तो साफ करणेही कठीण जाते. त्यातून इम्प्लान्टभोवतीचे हाड झिजू शकते.

रुग्णाने काय विचारावे?

स्थिरता मोजणारे उपकरण इम्प्लान्टला सूक्ष्म कंप देऊन १ ते १०० मधील आकडा दाखवते. एका आकड्यापेक्षा काही आठवड्यांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे अधिक सांगतात. धूम्रपान, अनियंत्रित मधुमेह किंवा ठिसूळ हाड असेल, तर उत्तम पृष्ठभागही घाई झेपवू शकत नाही. म्हणून ‘लगेच दात’ देऊ करणाऱ्या डॉक्टरांना, आपल्या हाडाची मोजलेली स्थिरता किती आहे, हे आधी विचारावे.