इंडिकेटरची टिकटिक काय सांगते?

संध्याकाळची सातची वेळ. पावसाची रिपरिप चालू होती. मुलीला क्लासहून घेऊन येणाऱ्या एका आईने घराच्या गल्लीपाशी उजव्या इंडिकेटरची दांडी ओढली आणि गाडी वळवायला घेतली. तेवढ्यात मागून करकचून ब्रेक दाबल्याचा आवाज आला. स्कूटरवरचा तरुण पडता पडता वाचला होता. ‘‘अहो ताई, इंडिकेटर तरी द्या की!’’ तो ओरडला.

ताईंनी इंडिकेटर दिला होता, पण मागचा उजवा दिवा लागलाच नव्हता. खरे तर तीन दिवसांपासून उजवीकडे वळताना टिकटिक नेहमीपेक्षा दुप्पट वेगाने वाजत होती. ‘‘गाडी जुनी झाली, आता वाजायचंच,’’ म्हणून यजमानांनी ते हसण्यावारी नेले होते. ती टिकटिक म्हणजे गाडीने दिलेली सूचना होती, हे दोघांच्याही ध्यानात आले नाही.

टिकटिक का वाढते?

इंडिकेटरचा बल्ब साधारणतः १२ व्होल्टचा आणि २१ वॉटचा असतो. प्रत्येक बाजूला पुढे एक व मागे एक असे दोन मोठे बल्ब असतात. त्यांना मिळणारा वीजप्रवाह चालू-बंद करणाऱ्या छोट्या डबीला फ्लॅशर किंवा रिले म्हणतात. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकणे अपेक्षित असते. एक बल्ब उडाला की त्या बाजूचा प्रवाह कमी होतो आणि इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर वेग वाढवून चालकाला सावध करतो. फार जुन्या गाड्यांतला फ्लॅशर उष्णतेवर चालत असे. त्यात बल्ब गेला की लुकलुकणे मंदावते किंवा थांबते. हौसेने साधे बल्ब काढून एलईडी बसवले, तरीही टिकटिक वाढू शकते, कारण एलईडी फारच कमी वीज घेतात.

आधी लाल त्रिकोण दाबा

दोष शोधायला सुरुवात कशी करावी? गाडी सुरक्षित जागी उभी करून चावी फिरवा आणि डॅशबोर्डवरचे लाल त्रिकोणाचे बटण दाबा. चारही इंडिकेटर एकदम लागायला हवेत. आता गाडीभोवती एक फेरी मारा.

एकच दिवा बंद असेल, तर दोष त्या दिव्याचा बल्ब, होल्डर किंवा तारेत आहे. चारही दिवे लागतात, पण दांडी ओढल्यावर काहीच लागत नाही, तर इंडिकेटरचा फ्यूज किंवा दांडीखालचा स्विच तपासावा. अनेक गाड्यांत या दोन्हींचे फ्यूज वेगळे असतात. दोन्ही प्रकारे काहीच लागत नसेल, टिकटिकही येत नसेल, तर संशय फ्यूज आणि फ्लॅशरवर घ्यावा.

बल्ब चांगला, तरी अंधार

चावी बंद करून, बल्ब थंड झाल्यावर तो आत दाबून डावीकडे फिरवला की निघतो. आतली बारीक तार तुटलेली असेल किंवा काच काळवंडली असेल, तर बल्ब बदलावा. जुना बल्ब नमुना म्हणून दुकानात न्यावा. पिवळ्या काचेच्या बल्बच्या खुंट्या अगदी समोरासमोर नसतात, त्यामुळे साधा पांढरा बल्ब त्या होल्डरमध्ये बसत नाही.

नवा बल्बही लागला नाही, तर होल्डर पाहा. पावसाळ्यात दिव्यात पाणी शिरते आणि पत्र्यावर हिरवट-पांढरा गंज चढतो. तो बारीक पॉलिश पेपरने घासून काढावा. मग टेस्ट लॅम्पची चिमटी गाडीच्या रंग नसलेल्या लोखंडी भागाला लावून, इंडिकेटर चालू ठेवून, टोक होल्डरच्या मधल्या बिंदूला टेकवा. टेस्ट लॅम्प लुकलुकला म्हणजे वीज तिथवर पोहोचते आहे. दोष अर्थिंगचा, म्हणजे होल्डरमधून गाडीच्या सांगाड्याला जाणाऱ्या तारेचा आहे. इंडिकेटरबरोबर शेजारचा मागचा दिवाही मंद लुकलुकत असेल, तर अर्थिंगचा दोष जवळजवळ नक्की समजावा.

हे मात्र करू नका

उडालेल्या फ्यूजच्या जागी तार, चांदी किंवा जास्त अँपिअरचा फ्यूज कधीही लावू नये. फ्यूज उडतो तो तारा जळू नयेत म्हणून. त्याला फसवले तर गाडीला आग लागू शकते. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर कुठेतरी तार पत्र्याला टेकली आहे. ते काम गॅरेजवाल्याचे. हल्लीच्या अनेक गाड्यांत फ्लॅशरचे काम संगणक करतो. दिवेही सीलबंद एलईडीचे असतात. तिथेही हातोडी-पकड चालवू नये. पण कोणता दिवा बंद आहे, चारही लागतात का, एवढे गॅरेजमध्ये नेमके सांगता आले, तरी ‘सगळं वायरिंग बदलावं लागेल’ असे कोणी सहज सांगू शकत नाही.

वळताना इशारा देणे मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार चालकावर बंधनकारक आहे. पण कायद्यापेक्षाही मागून येणाऱ्या माणसाचा जीव मोलाचा. आठवड्यातून एकदा गाडीभोवती फेरी मारायला दोन मिनिटे पुरतात.

त्या ताईंच्या गाडीचा दोष अखेर एका बल्बचाच निघाला. तेव्हापासून दर रविवारी त्या आत बसून दांडी ओढतात आणि मुलगी मागे उभी राहून सांगते, ‘‘आई, उजवा लागला!’’