Explainer : तारा बसवताना चांगले दात का काढतात? 100 वर्षे जुन्या वादाची गोष्ट

छत्रपती संभाजीनगर : मुलाचे दात वेडेवाकडे आहेत म्हणून पालक ऑर्थोडॉन्टिस्टकडे जातात आणि डॉक्टर सांगतात, ‘तारा बसवण्याआधी चार दात काढावे लागतील.’ न किडलेले, चांगले दात कशासाठी काढायचे, हा प्रश्न साहजिक आहे. शहरातील शासकीय दंत महाविद्यालय 1982 मध्ये सुरू झाले. त्याच्या कितीतरी आधी याच प्रश्नावरून या शास्त्राचे पहिले गुरू आणि त्यांचे शिष्य यांच्यात मतभेद झाले होते.

कोण होते हे गुरू?
डॉ. एडवर्ड अँगल. जन्म 1855, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया. 1878 मध्ये ते दंतवैद्य झाले. प्रकृती बिघडल्याने मध्यंतरी त्यांनी मेंढीपालनही करून पाहिले, ते फसले. नंतर ते दंतवैद्यक शिकवू लागले. दात सरळ करणे हा तेव्हा दंतवैद्यकाचा किरकोळ भाग मानला जाई. अँगल यांचे म्हणणे होते, की ही स्वतंत्र शाखा आहे आणि ती स्वतंत्रपणेच शिकवली पाहिजे. 1900 मध्ये त्यांनी सेंट लुईस येथे केवळ याच विषयाची शाळा काढली.

त्यांनी नेमके काय दिले?
▪ वर्गीकरण : वरची आणि खालची पहिली कायमची दाढ एकमेकींवर कशी बसते, यावरून त्यांनी 1899 मध्ये तीन वर्ग ठरवले. ‘क्लास वन, टू, थ्री’ हे शब्द डॉक्टर आजही वापरतात.
▪ ब्रॅकेट : 1928 मध्ये त्यांनी चौकोनी खाचेचे ‘एजवाइज’ ब्रॅकेट मांडले. त्यातून दात तिन्ही दिशांना हलवता येऊ लागला. आजच्या बहुतेक ब्रेसेस याच कल्पनेवर उभ्या आहेत.

वाद कशाचा होता?
निसर्गाने दिलेले सगळे दात जबड्यात बसलेच पाहिजेत. एकही काढायचा नाही, असा अँगल यांचा आग्रह होता. डॉ. कॅल्विन केस यांनी त्याला विरोध केला. 1911 मध्ये हा वाद जाहीरपणे गाजला. पण अँगल यांचा दबदबा मोठा होता आणि त्यांचाच नियम टिकला. 1930 मध्ये त्यांचे निधन झाले.

शिष्यांनी काय केले?
डॉ. चार्ल्स ट्वीड हे गुरूंच्या पद्धतीचे कट्टर समर्थक. मात्र, आपल्याच अनेक रुग्णांचे दात पुन्हा वाकडे होतात किंवा ओठ पुढे येतात, हे त्यांनी पाहिले. अशा रुग्णांच्या सुळ्यामागच्या लहान दाढा काढून त्यांनी उपचार पुन्हा केले आणि 1940 मध्ये आधीचे-नंतरचे पुरावे सहकाऱ्यांपुढे ठेवले. ऑस्ट्रेलियात दुसरे शिष्य डॉ. रेमंड बेग हेही याच निष्कर्षावर पोहोचले. तिसरे शिष्य डॉ. हॉली ब्रॉडबेंट यांनी 1931 मध्ये डोक्याचा बाजूने एक्स-रे काढण्याची प्रमाणित पद्धत दिली. त्यामुळे जबड्याची वाढ अंदाजाने नव्हे, तर मोजून सांगता येऊ लागली.

आज नियम काय?
सरसकट नियम नाही. जबड्यात जागा किती कमी आहे, दात किती पुढे आहेत, चेहऱ्याची ठेवण आणि वय पाहून निर्णय होतो. काहींना दात काढावे लागतात, अनेकांना लागत नाहीत.

पालकांनी काय विचारावे?
▪ डॉक्टर या विषयातील एमडीएस आहेत का? बीडीएसनंतरचा हा 3 वर्षांचा अभ्यासक्रम आहे.
▪ बाजूचा एक्स-रे आणि दातांचे साचे घेऊन जागेचे मोजमाप केले का?
▪ दात न काढता उपचार केल्यास काय होईल?
▪ तारा काढल्यावर रिटेनर किती काळ वापरायचा?

या प्रश्नांची उत्तरे समजावून मिळाली, तर दात काढण्याचा निर्णय घाबरून नव्हे, समजून घेता येतो.