घरांतील वाय-फाय माडीपर्यंत व गोठ्यापर्यंत कसें न्यावें?

इंटरनेट ही शेतकऱ्याच्या घरीं आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत ई-पीक पाहणी सुरू झाली व सातबारावरील पिकाची नोंद स्वतःच्या मोबाइलवरून करण्याचें काम खातेदाराकडे आलें. बाजारभाव, हवामानाचा अंदाज, मुलांचा अभ्यास हीं सर्व याच वाटेनें घरांत येतात. म्हणून गांवोगांवीं पुष्कळांनीं फायबरची तार घरांत घेतली आहे. तथापि एक तक्रार सर्वत्र ऐकूं येते. सोप्यांत सर्व सुरळीत, माजघरांत अडखळतें, माडीवर कधीं असतें कधीं नसतें, आणि गोठ्यांत कांहींच नाहीं. मग अधिक वेगाचा प्लॅन घेतला जातो, दरमहाचा खर्च वाढतो, आणि गोठा होता तसाच कोरडा राहतो. जें पाणी शेताच्या कोपऱ्यापर्यंत पोंचतच नाहीं, तें विहिरींत वाढलें म्हणून कोपऱ्याला काय लाभ?

दोष बहुधा पेटीच्या जागेपासून सुरू होतो. तार ओढणारा मनुष्य घाईंत असतो. दारापासून जवळची खिळ्याची जागा पाहून तो राउटर टांगतो व निघून जातो. ती जागा म्हणजे सोप्यांतील टेलिव्हिजनच्या मागची भिंत. परिणाम असा कीं, जेथें पुरुषमंडळी संध्याकाळीं दोन घटका बसतात तेथें सिग्नल भरपूर, आणि जेथें घरांतील स्त्रिया दिवसभर वावरतात व मुलगी परीक्षेचा अभ्यास करते, तेथें तो नाहीं. दहावीची मुलगी रात्रीं उंबऱ्यावर बसून धडे ऐकते हें दृश्य कांहीं विरळ नाहीं. बिल मात्र सर्व घराचें भरलें जातें.

वाय-फाय म्हणजे रेडिओच्या लहरी. त्यांचे घरोघर वापरांत असलेले पट्टे मुख्यतः दोन : २.४ गीगाहर्ट्झ व ५ गीगाहर्ट्झ. पहिला वेगानें कमी पण भिंतींतून बऱ्यापैकीं पार होतो. दुसरा वेगवान, पण एक-दोन भिंतींतच थकतो. मोकळ्या मैदानांतसुद्धां अंतर दुप्पट झालें कीं पोंचणारी शक्ति चौथाईवर येते. त्यांत आपल्या जुन्या घरांच्या भिंती दोन-दोन फूट दगडमातीच्या. पत्रा तर याहून वाईट; लहरी त्यावर आपटून परततात. पत्र्याच्या भिंतीचा गोठा, लोखंडी कपाट, धान्याची पत्र्याची कोठी, हे सर्व अडसर आहेत. पाणीहि लहरींना शोषून घेतें, म्हणून पाण्याची टाकी किंवा केळीचें दाट बेट वाटेंत असल्यास पलीकडे सावली पडते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. हें संभाषण दुहेरी आहे. राउटरचें बोलणें फोनला ऐकूं गेलें पाहिजे, तसेंच फोनचें राउटरला. फोनची शक्ति लहान. राउटर कितीहि मोठ्यानें ओरडला तरी गोठ्यांतल्या फोनचा क्षीण आवाज त्याच्यापर्यंत न पोंचल्यास काम होत नाहीं. फोनवर सिग्नलच्या रेघा दिसतात आणि पान मात्र उघडत नाहीं, याचें एक कारण हें आहे. सहा शिंगांची पेटी आणून रानभर सिग्नल जाईल असें सांगणाऱ्या दुकानदारावर विश्वास टाकण्यापूर्वीं एवढें आठवावें.

उपायापूर्वीं मोजणी. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसुली दप्तरांत गेल्यामुळें नकाशावांचून कामास हात घालणें त्यास रुचत नाहीं. घराचा कच्चा नकाशा कागदावर काढावा. खोल्या, भिंतींची जाडी, पत्रा, गोठा, खळें, विहीर हीं दाखवावींत. मोबाइलवर सिग्नलची शक्ति डीबीएम या मापानें दाखविणारीं साधनें विनामूल्य मिळतात. हे आंकडे उणे असतात. उणे ४० फार चांगला, उणे ६७ पर्यंत चित्रासह बोलणें ठीक चालतें, उणे ८० च्या खालीं आशा सोडावी. दर १० अंकांस शक्ति दहापटीनें घटते, हें लक्षांत ठेवून प्रत्येक जागीं आंकडा लिहावा. कोणत्या भिंतीनें घात केला तें कागदच सांगतो.

पहिला उपाय बिनखर्चाचा. राउटर घराच्या मध्याकडे, माणसाच्या डोक्याहून उंच व उघड्या जागीं आणावा. फायबरची तार तेथवर वाढवून घ्यावी लागते, परंतु तें काम एकदांचेंच. उभ्या शिंगाच्या लहरी मुख्यतः आडव्या पसरतात, वर-खालीं कमी. म्हणून माडी डोक्यावरच असल्यास दोहोंपैकीं एक शिंग आडवें करून पाहावें. चार खोल्यांच्या घरांत बहुधा एवढ्यानेंच भागतें.

न भागल्यास लोक रिपीटर आणतात. तो वाईट नव्हे, पण त्याचा धर्म समजला पाहिजे. तो जें ऐकतो तेंच पुन्हा सांगतो. गोठ्यांत, जेथें मुळींच ऐकूं येत नाहीं, तेथें तो लावला तर काय सांगणार? त्याची जागा अर्ध्या वाटेवर, जेथें सिग्नल अद्याप धड आहे तेथें. शिवाय एकाच पट्ट्यावर ऐकणें व सांगणें दोन्ही करावें लागल्यानें वेग सुमारें निम्मा होतो. ‘मेश’ या नांवानें मिळणारे संचहि परस्परांशीं हवेंतूनच बोलत असतील तर त्यांनाहि जाड भिंत सुटलेली नाहीं.

याला शेतकऱ्यास पटणारी तुलना पाटाची आहे. मातीच्या उघड्या पाटानें दूरच्या तुकड्यास पाणी नेलें तर निम्में वाटेंतच जिरतें. तेंच बंद पाइपांतून शेवटच्या सरीपर्यंत नेऊन तेथें सोडलें तर सर्व हातीं लागतें. वाय-फायचेंहि तसेंच. हवा ही शेवटच्या सरीपुरती वापरावी. तोंवरची मजल तारेनें काटावी. राउटरपासून माडीपर्यंत किंवा गोठ्यापर्यंत नेटवर्कची तार न्यावी व तेथें दुसरी पेटी, जिला अॅक्सेस पॉइंट म्हणतात ती, लावावी. अशी तार १०० मीटरपर्यंत, म्हणजे सुमारें ३२८ फुटांपर्यंत बिनदिक्कत चालते. बहुतेक वाड्यांस हें पुरून उरतें.

तार घेतांना मात्र डोळे उघडे ठेवावेत. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार बाजारांत स्वस्त मिळते. चाकूनें खरवडली असतां आंत पांढरी निघते. ती घेऊं नये, वांकवितांना तुटते. बाहेरून न्यावयाची असल्यास काळ्या जाड आवरणाची घ्यावी, नाहींतर दोन उन्हाळ्यांत आवरण तडकतें. ती पाइपांतून न्यावी, कारण उंदीर कोणाचा मुलाहिजा ठेवीत नाहींत. मोटारीच्या विजेच्या तारेबरोबर एकाच पाइपांत ती कदापि घालूं नये. गोठ्यांत विजेची जोडणी नसल्यास याच तारेंतून पेटीला वीज पुरविण्याची सोय असलेले संच मिळतात. फक्त वीज देणारा व घेणारा हे दोन्ही एकाच जातीचे असावेत. वळवाच्या दिवसांत एका इमारतीहून दुसरीकडे उघड्यावरून गेलेली तांब्याची तार जवळ पडलेल्या विजेचा धक्का ओढून आणते व दोन्हीकडच्या पेट्या जाळते. म्हणून अशा ठिकाणीं फायबरची तार अधिक श्रेयस्कर. तांब्याचीच असेल तर गडगडाट सुरू होण्यापूर्वीं दोन्ही टोकें काढून ठेवावींत.

नवी पेटी घेण्याची ऐपत नसल्यास कपाटांत पडलेला जुना राउटरहि चालतो. फोनांना पत्ते वाटण्याचें, म्हणजे डीएचसीपीचें, त्याचें काम तेवढें बंद करावें, त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राउटरहून निराळा ठेवावा व तार त्याच्या लॅनच्या छिद्रांत लावावी. एका गांवांत दोन तलाठी आपापल्या मनानें गट क्रमांक देऊं लागले तर जो घोळ होईल, तोच पत्ते वाटणारे दोन राउटर करतात. नांव व परवलीचा शब्द दोहोंकडे एकच ठेवावा, म्हणजे घरांतून गोठ्यांत जातांना फोन आपोआप जोडला जातो. २.४ च्या पट्ट्यांत १, ६ व ११ हीं चॅनलें एकमेकांवर चढत नाहींत. एकीकडे १ तर दुसरीकडे ६ अशी वांटणी करावी. गोठ्यावरील स्वस्त कॅमेरे बहुधा २.४ वरच चालतात, तेव्हां तेथें तो पट्टा बंद करूं नये. म्हैस व्यायला झाली असतां रात्रीं चार वेळां उठून कंदील घेऊन जाण्याचे कष्ट या एका कॅमेऱ्यानें वांचतात.

विहीर दोन-तीनशें मीटरांवर असेल तर गोष्ट निराळी. तेथें एकमेकांकडे तोंड करून बसविलेल्या दिशादर्शक अँटेनांची जोडी लागते, व मधली दृष्टि मोकळी हवी. ही वाट दोरीइतकी बारीक नसते. काकडीसारखी मध्यें फुगीर असते. ५ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यावर २०० मीटरांच्या अंतरांत तिचा मधला फुगवटा खालीं सुमारें ५ फूट उतरतो, आणि त्यांतील निदान ३ फूट तरी मोकळे लागतात. लागणीच्या वेळीं जोडणी केली म्हणजे सर्व छान चालतें. पुढें ऊस दहा-बारा फुटांवर जातो, त्याचीं ओलीं पानें वाटेंत येतात, आणि मालक यंत्राला दोष देतो. म्हणून मधें ऊस असल्यास दोन्ही टोकांस निदान १५ फुटांचा खांब धरावा. केंद्र सरकारनें २.४ चा पट्टा २००५ च्या व ५ चा मोठा पट्टा २०१८ च्या अधिसूचनेनें परवान्यावांचून खुला केला आहे, पण शक्तीची मर्यादा घालून. मोबाइल कंपनीच्या सिग्नलचा ‘बूस्टर’ हा याहून वेगळा. तो परवानगीवांचून बसविणें बेकायदेशीर आहे.

विहिरीवर विजेचाहि विचार करावा लागतो. शेतीपंपांची वीज पाळीनें कांहीं तासच येते, तेव्हां पेटीसाठीं लहान बॅटरी व सौर पट्टी लागेल. आणि केवळ पंप चालू-बंद करणें एवढाच हेतु असेल, तर हा खटाटोप करूं नये. तेथें मोबाइलची रेंज मिळत असल्यास सिमकार्डावर चालणारा स्टार्टर स्वस्त पडतो व एका फोनवर काम होतें.